चौकटीच्या कागदावरचं कपाळ

त्याच्या डोक्यावर, पुढच्या बाजूला, केसांचे चार झुबके होते. एका ओळीत, सारख्या अंतरावर. प्रत्येक झुबक्याचं बूड मसुरीच्या डाळीएवढं, आणि त्या चारांच्या मागं थेट टाळूच्या पलीकडपर्यंत सगळं साफ. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथं आमचा चादरीचा कारखाना होता, तिथं त्याला ओळखत नाही असा माणूस नव्हता. हॉटेलात चहाला बसलो की कुणीतरी मला हळूच विचारायचं, "तुमच्या दोस्ताचं ते काय हाय हो? नवसबिवस हाय का?" मी म्हणायचो, "त्यालाच विचारा की." त्याला विचारायची कुणाची छाती नव्हती. विचारलं की तो खिशातनं चौकटीचा कागद काढायचा, आणि मग अर्धा तास तरी माणसाची सुटका नसायची.

ते झुबके लावले तेव्हा मी डॉक्टरांच्या दाराबाहेर बाकड्यावर बसलो होतो. त्याआधी सहा महिने त्याच्या डोक्यावरचे केस मीच मोजले होते. त्यामुळं त्याला हसायचा हक्क मी माझ्याकडं ठेवलाय. दुसरं कुणी हसलं की मला राग येतो, आणि मला राग आला की मी जरा वाईट बोलतो हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं.

मी वेळापूरकडचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावात राहण्यात काही अर्थ उरला नव्हता, म्हणून सोलापुरात आलो आणि त्या कारखान्यात कापड तपासायला लागलो. माझ्याकडं एक भिंग होतं. पितळेचं, घडी होणारं, खाली पाव इंचाची चौकोनी खिडकी. ते कापडावर ठेवायचं, वाकायचं आणि खिडकीत उभे किती, आडवे किती, असे धागे मोजायचे. कमी भरले की चादर बाजूला. दिवसभर हेच काम. बावीस वर्षांच्या माणसाला पाठीचा बाक येतो म्हणजे काय ते मी तिथं शिकलो.

तो तिथं नकाशे काढायचा. चादरीवर मोर पाहिजे असला, तर तो आधी चौकटीच्या कागदावर काढावा लागतो. एक चौकट म्हणजे एक धागा. त्या कागदावरनं पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडतात, त्या पट्ट्यांची माळ मागावर चढते, आणि भोकं सांगतील तसे धागे उचलले जातात. एक चौकट चुकली की मोराचा डोळा गालावर येतो. ह्या कामात तो पक्का होता, म्हणून सव्वीस वर्षांच्या त्या माणसाला म्हातारे विणकरसुद्धा मास्तर म्हणायचे. मीही मास्तरच म्हणायचो, पण अरेतुरे करून.

चौकटींनी त्याचं डोकं पुरतं बिघडवलं होतं. पत्र लिहायचं तर चौकटीच्या कागदावर, एका चौकटीत एक अक्षर. घरापासून कारखाना किती लांब, असं विचारलं तर तो पावलं सांगायचा, आणि पावसाळ्यातली वेगळी, कारण चिखल टाळून यावं लागतं. "अंदाजे" हा शब्द त्याला शिवीसारखा लागायचा. मी एकदा म्हणालो, "ह्या गठ्ठ्यात अंदाजे चाळीस चादरी असतील." त्यानं मला तो सगळा गठ्ठा सोडायला लावला. अडतीस निघाल्या. "दोन चादरी कुठं गेल्या बे?" म्हणून तो दिवसभर माझ्याकडं बघत राहिला, जसं काय मी घरी नेल्या.

एकदा एक नवी चादर मागावर होती आणि मालक फिरत फिरत तिथं आले. बघून म्हणाले, "मास्तर, हा मोर आहे का उंट? मान केवढी लांब."

"मागावर आहे तोवर उंटच दिसणार," हा म्हणाला.

"बदला."

"बदलणार नाही."

सगळे माग सोडून लोक बघायला लागले. मालक मनानं चांगले, पण "नाही" ऐकायची त्यांना सवय नव्हती. ह्यानं काय करावं? चादर उतरवून घेतली, हौदात बुडवली, पिळली, गच्चीवर वाळत घातली आणि दुसऱ्या दिवशी मालकांच्या टेबलावर पसरली. मागावर ताणलेलं कापड सुटून पाण्यात गेलं की आखडतं. मोराची मान बेताची झाली होती.  हा एवढंच म्हणाला, "मी आजचा मोर काढत नाही साहेब. धुतल्यानंतरचा काढतो." आणि आपल्या टेबलाकडं निघून गेला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतोय, पुढं कामाला येणार आहे.

त्याच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हाचा प्रकार आठवला की अजून कानाची पाळी गरम होते. घर म्हणजे दोन खोल्या. घरात तो आणि त्याची आई. ती तेलुगू माणसं, आईला अम्मा म्हणायची, म्हणून मीही अम्मा म्हणायला लागलो. चुलीशी अम्मा, समोर पाट मांडलेले. मास्तरनं आपला पाट उचलला, भिंतीला लावला आणि भिंतीकडं तोंड करून, आईकडं पाठ करून तो जेवायला बसला. आणि अम्मा त्याच्या पाठीकडं बघून बोलायला लागली. शेजारणीचं, सुताच्या भावाचं, देवळातल्या भजनाचं. हा भिंतीकडं बघत हं हं म्हणतोय, मधेच हसतोय, उलट उत्तर देतोय.

मला वाटलं, ह्यांच्यात अशीच रीत असेल. पाहुण्यानं रीत मोडू नये. मी माझं ताट उचललं, पाट फिरवला आणि भिंतीकडं तोंड करून त्याच्या शेजारी बसलो.

अम्मा बोलायची थांबली. थोड्या वेळानं म्हणाली, "तुमी कशाला रे भिंतीकडं बसला?"

मी चिंचेच्या चारूत, म्हणजे त्यांच्या आंबट सारात, भाकरी बुडवत राहिलो.  त्या दिवशीएवढं मुकाट्यानं मी कधी जेवलो नाही.

मला सोडायला तो कोपऱ्यापर्यंत आला आणि दिव्याच्या खांबाला टेकून त्यानं सांगितलं. तो नऊ वर्षांचा असताना त्याचा बाप भिवंडीला गेला. नवे माग बघून येतो म्हणाला, आणि तिथंच दुसरं घर करून राहिला. परत कधी आला नाही. बापाला हे लोक नायना म्हणतात. नायनांच्या कपाळाचे दोन्ही कोपरे आत गेलेले होते आणि मधे केसांची एक जीभ राहिली होती. "बाविसाव्या वर्षापर्यंत अम्मा माझ्या तोंडाकडं बघून बोलायची," तो म्हणाला. "मग माझेही कोपरे आत जायला लागले. समोर बसलो की ती ताटाकडं बघते. बोलत नाही. पाठ केली की बोलते."

"मग टोपी घाल की."

"घातली होती एक महिना. नायना टोपी घालूनच गेले होते. तेव्हा तर ती पाठीशीपण बोलायची बंद झाली."

दुसऱ्या दिवशी त्यानं मला आपल्या टेबलाचा खण उघडून दाखवला. आत चार कागद. दरवर्षी आपल्या वाढदिवसाला आरशात बघून त्यानं स्वतःच्या कपाळाची रेषा चौकटीवर उतरवली होती. पाचवा कागद पातळ, आरपार दिसणारा. त्याच्यावर आई-बापाच्या लग्नाच्या फोटोवरनं काढलेली नायनांची रेषा. तो पातळ कागद त्यानं चौथ्या कागदावर ठेवला. दोन्ही रेषांत सहा चौकटींचं अंतर होतं.

"वर्षाला तीन चौकटी," तो म्हणाला. "दोन वर्षांत मी नायना होतो. त्याच्या आत काहीतरी करायचंच."

त्याचं ते "करायचंच" मी ऐकलं, आणि ह्याच्या आता मधे येण्यात अर्थ नाही हे मला कळलं.

तेल, मुळ्या, कांद्याचा रस ह्यातलं काही त्यानं केलं नाही. तेल म्हणजे अंदाज, असं त्याचं मत. कुठल्याशा रविवारच्या पेपरात त्यानं वाचलं होतं, की मुंबईत भाजलेल्या माणसांच्या कातडीची कामं करणारा एक डॉक्टर आहे, तो डोक्याच्या मागचे केस मुळासकट, कातडीसकट काढून पुढं लावतो आणि ते तिथं जन्मभर राहतात. मागचे केस जात नाहीत, कुठंही लावले तरी जात नाहीत. हे वाचून त्याचे डोळे असे झाले होते की मला भीती वाटली.

"अम्माला माझं मागचं चालतं," तो म्हणाला. "मागचं पुढं आणायचं. बस."

"डोक्याला भोकं पाडून घेणार तू?"

"हो."

"आणि न्हाय उगवलं तर?"

"म्हणून तर मोजायचं आधी. भिंग आण."

असे आम्ही सहा महिने मोजत होतो. दुपारच्या सुट्टीत गोदामात, सुताच्या गाठोड्यांच्या मागं. तो खाली बसायचा, हातात आरसा. मी मागं उभा राहून, बारीक कातरलेल्या जागेवर भिंग ठेवून केस मोजायचो. मागं पाव इंचात ऐंशी. पुढच्या कोपऱ्यात सव्वीस. पुढच्या महिन्यात चोवीस. एकदा आमचे सुपरवायझर अचानक आत आले. मी एका हातानं मास्तरचं डोकं धरलंय, दुसऱ्या हातात भिंग. ते बघून काही न बोलता निघून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून माझ्याशेजारी जेवायला बसेनात. त्यांना काय वाटलं असेल देव जाणे. मी खुलासा करायला गेलो नाही, कारण खरं सांगितलं असतं तर त्याहून वेडगळ वाटलं असतं.

मग त्यानं डॉक्टरांना पत्र लिहिलं, एका चौकटीत एक अक्षर. "या, बघू," असं दोन शब्दांचं उत्तर आलं. सप्टेंबरात आम्ही दोघं मुंबईला गेलो. अम्माला सांगितलं, नव्या नकाशाचं काम आहे. ते अगदीच खोटं नव्हतं.

डॉक्टर वयस्कर, बोलायला शांत. त्यांनी मास्तरच्या डोक्याकडं एकदा बघितलं आणि विचारलं, "वय काय?"

"सव्वीस वर्षं चार महिने."

"तुमच्या वयाच्या मुलांना मी परत पाठवतो. सगळ्यांना विसाव्या वर्षाचं कपाळ पाहिजे असतं. ते मी लावून देईन, पण त्याच्या मागचे तुमचे स्वतःचे केस अजून जाणार आहेत. मग पुढं एक ओळ आणि मधे मोकळं मैदान. पस्तिशीनंतर या."

मला वाटलं, सुटलो. आता गपगुमान घरी जाऊ. पण मास्तर जागचा हलला नाही. त्यानं पिशवीतनं कागद काढून डॉक्टरांपुढं ठेवला.

"मी विसाव्या वर्षाची रेषा आणलीच नाही," तो म्हणाला. "ही पन्नाशीची आहे, सरळ, मधे जीभ नसलेली. तेव्हा मधलं सगळं गेलेलं असेल असं धरलंय. मागं किती शिल्लक आहेत तेपण लिहिलंय. ह्यानं मोजलेत." आणि त्यानं माझ्याकडं बोट केलं.

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं.

"काय करता तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"चादरीचे नकाशे काढतो. धुतल्यानंतरचे."

डॉक्टरांनी तो कागद मास्तरच्या कपाळाला लावून बघितला. नंतर म्हणाले, "आधी फक्त चार लावू. महिन्याभरात ते केस गळतील, घाबरू नका, मुळं आत असतात. चार महिन्यांनी उगवले तर पुढचं सगळं करू."

दोन तास लागले. मी बाहेर बाकड्यावर बसून वेळापूरच्या अर्धनारीनटेश्वराला नारळ बोललो, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. बाहेर आल्यावर त्याचं पहिलं वाक्य, "भोक पाडायचं त्यांचं हत्यार बघितलं. आपल्या पट्ट्यांच्या पंचासारखंच आहे बे, फक्त लहान." तोंड पांढरंफटक पडलं होतं आणि तरी तो खूश होता.

आता पुढचं नीट ऐका. डोक्याला पुढं पट्टी, कारण चार तिथं लावलेले. मागंही पट्टी, कारण चार तिथून काढलेले. घरी आला तो सवयीनं पाट उचलून भिंतीकडं तोंड करून बसला. मी दारात. अम्मानं भाकरी थापता थापता मान वर केली, तर जिकडं बघून ती चार वर्षं बोलत होती तिथंच पट्टी.

ती उठली. पिठाच्या हातानंच तिनं त्याची हनुवटी धरली आणि त्याचं तोंड आपल्याकडं फिरवलं. पुढंही पट्टी.

"कोण मारला?" तिनं विचारलं.

"कुणी नाही मारलं अम्मा."

"मग काय झाला?"

"केस लावून घेतले. चार."

तिला कळेना. त्यानं कागद काढला, तर तो तिनं चुलीत टाकला. मग मला जवळ बोलावून विचारलं आणि मी सगळं सांगून टाकलं. त्यानंतर पाव तास ती तेलुगूत जे बोलली ते मला समजलं नाही, पण त्यात माझंही नाव दोनतीनदा आलं. मी भाकरी न खाताच निघालो.

दुसऱ्या दिवसापासून तिनं ते काम स्वतःकडं घेतलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, जखमेवर खपल्या धरतील, त्या ओढायच्या नाहीत, कोमट पाण्याच्या कापसानं रोज हलक्या हातानं पुसायचं. सकाळी सात वाजता अम्मा पाणी गरम करायची, त्याला दारातल्या उजेडात बसवायची आणि एकेक खपली पुसायची. ज्या कपाळाकडं ती चार वर्षं बघत नव्हती, त्याच्यापासून तिचं तोंड वीतभर अंतरावर.

चौथ्या दिवशी तो मला गोदामात घेऊन गेला आणि गाठोड्यावर बसला.  मी म्हणालो, "दुखतंय का?" त्यानं मान हलवली. मग म्हणाला, "आज पुसता पुसता अम्मा बोलली."

अम्मा त्याला म्हणाली होती, "तुझा नायनाचा तोंड नको म्हणून बघत नव्हते असा वाटला काय तुला? तुला बघितला की मला तो आठवतो, आणि अजून रडू येतो रे. सोडून गेलेल्या माणसासाठी आई रडते. ते पोरानं बघावा काय?"

मला एकदम भडभडून आलं. त्याचेही डोळे भरले होते. पण माझा स्वभाव हा असा, मी त्याच्यावरच ओरडलो. "मग हे आधीच विचारलं का न्हाईस? चार वर्षं भिंतीकडं बघून जेवलास, डोक्याला भोकं पाडून आलास!"

"विचारणार कसं?" तो म्हणाला. "समोर बसलो की ती बोलत नव्हती ना बे."

 

महिन्यानं चारही झुबके गळाले. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच, पण अम्माचा डॉक्टरवर विश्वास नव्हता. तिनं गळलेले केस कागदात बांधून ठेवले आणि मला निरोप पाठवला, ते भिंग घेऊन ये. मी गेलो. तिनं भिंग घेतलं, त्याच्या कपाळावर ठेवलं, एक डोळा मिटून बघितलं. काही नव्हतं. "हे इथंच राहू दे," ती म्हणाली. कारखान्याचं भिंग, मी सही करून घेतलेलं. पण अम्माला नाही म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पुढं पगारातनं नवीन घ्यावं लागेपर्यंत मी नुसत्या डोळ्यांनी चादरी तपासल्या. त्या काळात खराब चादरी कुणाला मिळाल्या असतील तर त्यांची मी आज माफी मागतो.

अम्मा रोज सकाळी सातला बघायची. खपल्या केव्हाच गेल्या होत्या, पुसायला काही उरलं नव्हतं, तरी बघायची. आणि बघता बघता बोलायची. आता त्याच्या तोंडाकडं बघून. मधेच कधी तिला रडू यायचं. ती पदरानं डोळे पुसायची, मग भिंगाची काच पुसायची आणि परत बघायची.

जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरली होती त्या आठवड्यात, तो धावत कारखान्यात आला. धावत म्हणजे खरोखर धावत, पावलं न मोजता. "उगवले," तो म्हणाला. "अम्माला दिसले. तिसऱ्या झुबक्यात दोन." मी गेलो, बघितले. काळे, तीळभर. होळीपर्यंत चारही झुबके भरले. मी मोजले. प्रत्येकी बारा, एकूण अठ्ठेचाळीस.

त्याच गड्ड्यात मायलेकांनी फोटो काढून घेतला होता. मागं रंगवलेला बगीचा. फोटोवाला ओरडून ओरडून दमला, "अम्मा, इकडं बघा, कॅमेऱ्याकडं." फोटोत मास्तर ताठ समोर बघतोय आणि अम्मा मान वर करून त्याच्या कपाळाकडं बघतेय. भिंतीवर, जिथं तो तोंड करून जेवायचा, तिथंच तो फोटो लावला.

मग डॉक्टरांचं पत्र आलं. उगवले असतील तर या, तीन वेळा यावं लागेल, पुढची सगळी ओळ करून टाकू. मास्तरनं पत्र वाचलं आणि खणात टाकलं. एक महिना गेला, दोन गेले. माझा संयम सुटला.

"कधी जायचं?"

"जायचं नाही."

"का?"

"काम झालं."

मी लई बोललो त्याला. सहा महिने वाकून केस मोजले ते ह्या चार बुचक्यांसाठी का, लोक हसतील, लग्न कसं जमणार, एक तर सगळे लाव नाहीतर हे चार तरी काढून टाक. तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "पुढं सगळे केस आले, तर ती रोज सकाळी बघणार काय?"

 त्या दिवशी त्याच्याच घरी जेवलो. तो आईसमोर पाट टाकून बसला होता, कपाळ उघडं, कोपरे तसेच आत गेलेले. अम्मा त्याच्याकडं बघून शेजारणीचं सांगत होती.

त्याच्या हिशेबात एवढंसुद्धा चुकलं नाही. मधलं सगळं गेलं आणि पन्नाशीच्या रेषेवरचे ते चार राहिले. लग्न जमलं. बघायला गेल्यावर मुलगी हसली आणि तिनं विचारलं, "हे चार काय आहेत?" त्यानं कागद काढला. अर्ध्या तासानंतरही ती ऐकत होती, म्हणून ह्यानं होकार दिला. पुढं कित्येकांनी काढून टाक म्हणून सांगितलं, न्हाव्यानं फुकट काढून देतो म्हटलं, मुलीच्या लग्नात व्याही लोकांनी चेष्टा केली. त्यानं ते चार झुबके कुणाला हात लावू दिले नाहीत.

अम्मा गेली तेव्हा मी नोकरीतनं निवृत्त होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुळे सोलापुरात, मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलो होतो. दहाव्याला त्याच्या शेजारी उभा होतो. न्हावी ओळखीचा. सगळं डोकं करून झाल्यावर त्याचा वस्तरा पुढं येऊन थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग मास्तरकडं. "मास्तर, हे राहू देऊ का?"

"सगळे काढायचे," तो म्हणाला.

त्यानंतर वीस दिवसांनी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. उघडलं, तर हा. पूर्व भागातनं इतक्या लांब, आणि चालत आलेला. खिशातनं त्यानं एक फडक्यात बांधलेली वस्तू काढून माझ्या हातात दिली. पितळेचं भिंग. कडा झिजून गुळगुळीत झालेल्या.

"तिच्या डब्यात होतं," तो म्हणाला. "तुझं आहे. मोज."

मी त्याला गॅलरीत उजेडाला बसवलं. चारही जागी बारीक खुंट आले होते.  एकेक करत मोजले.

"सत्तेचाळीस."

"परत मोज."

परत मोजले. चौथ्या झुबक्यात एक पांढरा होता, तो सुटला होता.

"अठ्ठेचाळीस," मी म्हणालो. "एक पांढरा झालाय."

"अम्माला पहिल्याच मोजणीत दिसला असता," तो म्हणाला, आणि मग तो साठीच्या पुढचा माणूस माझ्या गॅलरीत खुर्चीवर बसून रडला. "महिना झाला बे. सकाळी सातला उठून बसतो. बायको म्हणते, आहेत की सगळे, कशाला बघायचं."

मी आत जाऊन चहा सांगून आलो. जरा वेळ लावला. परत आलो तेव्हा तो भिंग माझ्याकडं सरकवत होता आणि उठायच्या तयारीत होता.

"उद्या सातला ये," मी म्हणालो.

"उद्या कशाला? मोजले की आता."

"आज अठ्ठेचाळीस होते. उद्याचं मला काय माहीत? मी काय अंदाजे सांगू?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. परत खुर्चीत टेकला. मग चहा प्यायला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तो दारात उभा होता.